पुट्टीच्या धुळीसाठी कोणतं व्हॅक्यूम? (घरच्या ग्रुपवर)

विक्की: मामा, दारव्ह्याच्या हॉलचं काम भेटलं 🙏 वर जिप्सम बोर्डचं सीलिंग, एक पार्टिशन, बाकी भिंतींना पुट्टी अन् इमल्शन. मालकाची अट एकच, खुर्च्या-पडदे आतच राहतील अन् रोज संध्याकाळी जागा साफ पायजे. खराट्यानं ते काही होत नाही. ऑनलाइन २१ लिटर, १६०० वॅटचं व्हॅक्यूम स्वस्तात दिसून रायलं. घेऊन टाकू?

आत्या: आमच्या घरी सोफ्यासाठी आणलेलं माळ्यावर पडलं आहे ना बाप्पा. तेच ने. पैसे कायले घालतं उगाच?

पेंटर मामा: नको बाई, तुमचं मशीन जाईन कामातून. घरच्या मशीनमधी जी हवा ओढली जाते तीच मोटरवरून फिरते अन् तिले थंडी ठेवते. पुट्टीनं पिशवी बुजली की हवा बंद, मोटर तापली. साइटच्या वेट-ड्राय मशीनमधी मोटर थंडी करायची हवा वेगळ्या वाटेनं येते. म्हणून तिले पाणीबी चालते अन् भुसाबी.

आत्या: असं का. मंग राहू द्या.

विक्की: म्हणजे १६०० वॅटवालं बराबर ना मामा?

पेंटर मामा: वॅट म्हणजे मीटर किती फिरन थे. ओढ किती, थे त्यावरून समजत नाई. डब्ब्यावर दोन आकडे पाय. हवा किती खेचते, अन् ओढीचा जोर किती, थे किलोपास्कल नाईतर मिलीबारमधी लिवलेलं असते. ज्यानं हे दोन्ही आकडे छापले नाईत अन् नुसते वॅट मोठ्या अक्षरात टाकले, त्याच्यावर मी तरी भरोसा ठेवत नाई.

पण तुया कामाले खरी गोष्ट फिल्टर आहे. पुट्टी झिरो पेपरनं, म्हणजे बारीक पॉलिश पेपरनं, घासली की जो भुरका उडते, थो कणकीपेक्षा बारीक. मशीनसंगं जी साधी कापडी टोपी येते तिच्यातून थो आरपार जाते. पुढून ओढते अन् मागून फुकते. दिवसभर मशीन चाललं, फरशी चकाचक दिसली, अन् संध्याकाळी दाराले ऑइल पेंटचा हात मारला. सकाळी त्या दारावर तळहात फिरवून पाय. खरखर लागते. मंग पुन्हा घासा, पुन्हा मारा. कोणतंबी मशीन घे, पहिल्या दिवशी मागच्या हवेपुढं काळा रुमाल धर दोन मिनिट. पांढरा झाला तर फिल्टर बदलल्याशिवाय हॉलमधी नेऊ नको.

विक्की: मग कोणता फिल्टर? हेपा लिहिलेलं पाहिलं मी काहींवर.

पेंटर मामा: आधी पिशवी. कागदाची नाई, फ्लीसची, न विणलेल्या कापडासारखी असते. कागदाची भरल्यावर फाटते अन् लवकर बुजते. पिशवीच्या मागं घड्यांचा फिल्टर, त्याले कार्ट्रिज म्हणते. बहुतेक भुरका पिशवीतच राहते, कार्ट्रिज सारखा झटकावा लागत नाई. हॉलच्या आत तर कधीच झटकू नको, मालक तिथंच हिशेब करन तुया.

ताई (नागपूर): हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारा. नुसतं "हेपा टाइप" लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, आकडा बघ. युरोपच्या मशीनवर एल, एम, एच असे वर्ग असतात. एलमधून जास्तीत जास्त १ टक्का धूळ सुटते, एममधून ०.१ टक्का. सिमेंट-काँक्रीट घासायचं असेल तर एम घ्यावा, त्यात फुप्फुसाला घातक सिलिका असते. आणि मशीन आहे म्हणून मास्क काढू नकोस विक्की. रुमाल नाही, एन-९५.

ताई (नागपूर): अजून एक. आबांच्या खोलीची जुनी दारं दिवाळीला घासायची म्हणत होतास ना, ती कोरडी घासू नकोस. रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्या दारांचा रंग कितीतरी आधीचा आहे. घरात लहान लेकरं आहेत.

विक्की: हाव ताई. पाणी मारून घासतो.

भाऊजी: विक्कीभाऊ, लाइनचं बघितलं का? १६०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर सात अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर लावू नका, १६ चा सॉकेट पाहिजे. हॉलमध्ये लांब बोर्ड ओढणार असाल तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर. संध्याकाळी तिकडे व्होल्टेज पडतं, तेव्हा ओढही पडणार. इन्व्हर्टरवर तर लावूच नका.

पेंटर मामा: जावईबापू बराबर बोलले. म्हणूनच म्हणतो १००० वॅटचं चांगलं घे.

विक्की: सीलिंगचे जॉइंट घासताना धूळ डोक्यावरच पडते मामा. तिथं काय?

पेंटर मामा: सँडर, म्हणजे घासायचं मशीन, पाइप जोडायची जागा असलेला घे, धूळ उडायच्या आधीच मशीनमधी जाते. काही मशीनवर सँडर लावायचा प्लगच असते, सँडर सुरू केला की व्हॅक्यूम आपोआप सुरू. थोडे जॉइंट असतीन तर ओल्या स्पंजनं घास. येळ लागते, पण धूळच होत नाई.

अन् एक जुगाड. डिस्टेंपरची २० लिटरची रिकामी बादली घे, त्यावर सायक्लोनचं झाकण बसव, ऑनलाइन भेटते. साइटकडून पाइप बादलीत, बादलीतून मशीनमधी. हवा गोल फिरते, जड धूळ बादलीत पडते, पिशवी कितीतरी दिवस पुरते. बादली जाड पायजे. पाइप तुंबला की पातळ बादली आतमधी चिपकते. पाइप ३५ मिलिमीटरचा घे, बारक्यात जिप्समचे तुकडे अडकते.

आत्या: अन् ह्या उन्हात पाइप हाताले करंटसारखे चटके देते का रे? आमचं देत होतं.

पेंटर मामा: देते बाई. कोरड्या हवेत कोरडा भुरका प्लास्टिकच्या पाइपातून घासत जाते, करंट जमा होते. अँटिस्टॅटिक पाइप येते, महाग असते.

विक्की: फरशी धुतल्यावरचं पाणीही त्यानंच ओढू ना?

पेंटर मामा: ओढ, पण आधी डब्बा रिकामा कर, पिशवी अन् कार्ट्रिज काढ, फोम चढव. पीओपी नाईतर पुट्टीचा भुरका आत असताना पाणी गेलं तर सकायपर्यंत डब्ब्यात ढेप बसते. पाइपात बसली तर पाइप फेकाच.

विक्की: ठीक. २० लिटरच्या आसपास, १००० वॅट, फ्लीसची पिशवी बसणारं. कारचर नाहीतर बॉशचं पाहतो.

पेंटर मामा: पाय. पण पिशवी मॉडेलप्रमाणं वेगळी लागते. यवतमाळात भेटते का थे आधी फोन लावून इचार, मंग पैसे दे.

विक्की: लावला आत्ताच. मशीन आहे त्यांच्याकडे, पिशव्या नागपूरवरून मागवतील म्हणे.

ताई (नागपूर): मॉडेल नंबर पाठव, मीच घेते इथून. शनिवारी हे तिकडेच येणार आहेत.

भाऊजी: वायरही घेऊन येतो. किती मीटर?