पुरातल्या बोटी गावाच्या ताब्यात द्याव्यात का?

वारणाकाठ: २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. केंद्राचं बचाव दल एनडीआरएफ पुण्याहून येणार, राज्याच्या एसडीआरएफचे तळ धुळ्यात आणि नागपुरात, आणि इकडं कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवेच पाण्यात! नदीकाठच्या मोठ्या गावांना इंजिनाची बोट, जॅकेटं, पेट्रोलचा खर्च द्या, आणि ती कधी काढायची हेही गावालाच ठरवू द्या. कलेक्टर हपिसातून फोन येईस्तोवर पाणी माळ्याला लागतं.

जुना_तलाठी: सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळची बोट विसरलात? ८ ऑगस्ट २०१९. ती बोट गावातलीच होती, बचाव दलाची नव्हे. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली आणि उलटली. अशा वेळी "बास, आता पुढच्या फेरीला" असं सरपंच कुणाला म्हणणार? निम्मी भावकी, उरलेले मतदार. नारिंगी वर्दीतल्याचं मात्र मुकाट ऐकतात.

वारणाकाठ: पुढची फेरी येणार याचा भरवसा असता तर कोण असं चढलं असतं?

पंचगंगेचा_पाहुणा: तुम्ही दोघं बोटीवरच अडकलाय. माणसं वेळेत बाहेर का पडत नाहीत ते बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा येतो, ४३ ला धोका. तरी म्हातारी माणसं म्हणतात, २००५ ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं. आणि म्हशींचं काय? निवारा शाळेत, तिथं ना दावण ना वैरण. मग घरटी एक गडी जनावरांपाशी मागं राहतो, आणि त्याला आणायला बोट. आधी जनावरांची छावणी उभी करा, निम्म्या फेऱ्या वाचतील.

जुना_तलाठी: छावणीचं पटलं. पण वारणाकाठ, अधिकार नाहीत ही ओरड खोटी आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ४१ वाचा: माणसं प्रशिक्षित ठेवणं, साधनं तयार ठेवणं हे स्थानिक संस्थेचंच काम. मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठक होते, फोटो निघतो. बोटीच्या इंजिनाची दोरी ओढून बघतो का कुणी?

वारणाकाठ: कलम दिलं, पैसा नाही दिला. आणि वरच्यांचं शहाणपण म्हणाल तर २०१९ च्याच पुरात सरकारी जीआर निघाला होता: दोन दिवस पाण्यात असाल तरच फुकट धान्य. दीड दिवस बुडालेल्याचं पीठ काय कोरडं राहतं?

जुना_तलाठी: तो जीआर वाईटच होता. पण मदतीच्या याद्या गावावर सोडा, मग बघा: भिंत पडली एकाची, अनुदान चुलतभावाला.