मुलगा विद्यापीठात गेला, आता त्याच्या शिक्षणाशी आमचा संबंध राहावा कसा?

खडूफळा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पालकसभेला या हो, म्हणून दर वेळी घरोघर निरोप धाडणारी मी, आणि आता स्वतः पालक झाले तर मला कुणी बोलावतच नाही, असा मामला आहे.

मोठा मुलगा यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, परगावी, हॉस्टेलवर. बारावीपर्यंत कुठला धडा चालू आहे, कुठल्या सरांशी खटका उडालाय, सगळं ठाऊक असायचं. आता फोन रोज होतो. "काय चाललंय?" "बरंय." "अभ्यास?" "चालूय." झालं. पुढचं सगळं बोलणं धाकटीच्या आणि मांजराच्या चौकशीचं.

परवा पहिल्या सेमिस्टरचा निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. निकालपत्रकं भरण्यात माझी हयात गेली, पण हा कागद काही वाचता येईना. मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. पुढे नुसती अक्षरं: ए, बी प्लस, सी. खाली एसजीपीए ६.८२. मी म्हटलं, म्हणजे अडुसष्ट टक्के ना रे? तर म्हणे, "तसं नसतं गं आई." मग कसं असतं, ते काही सांगितलं नाही.

त्यातच कॉलेजचा मेसेज आला की आपल्या पाल्याची उपस्थिती ५८ टक्के आहे. तो म्हणतो प्रॅक्टिकलची हजेरी वेगळ्या रजिस्टरला असते, ती अजून चढवलेली नाही. असेलही. आमच्या शाळेतही हजेरी चढवायला उशीर होतोच की.

यांचं म्हणणं, पोर्टलचा पासवर्ड मागून घे, विषय मिटला. मला ते बरं वाटत नाही. पालकांचा एक ग्रुप आहे, पण त्यावर सुप्रभात आणि हॉस्टेलच्या पाण्याची टाकी, याच्या पलीकडे गाडी जात नाही.

तर विचारायचं असं की, विद्यापीठात पालकाने बोलायचं कुणाशी? आणि काय विचारलेलं चालतं, काय विचारलं की आगाऊपणा होतो?

---

दोन_मुलींचा_बाप

ताई, यजमान बरोबर बोलतायत. फी आपण भरतो ना? मग पासवर्ड मागायला लाज कसली? थोरलीचा माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. रात्री झोपताना एकदा बघतो, हजेरी, अंतर्गत गुण, सगळं कळतं. तिलाही सवय झालीय. उगाच मानसशास्त्र नको.

---

स्टाफरूम_नं_२

खडूफळा, मी एका महाविद्यालयात विज्ञान शाखेला शिकवते आणि वर्गाची मेंटॉरही आहे, त्यामुळे टेबलाच्या या बाजूचं सांगते.

आधी तो कागद. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ही रचना आली. महाराष्ट्रात त्याचा शासन निर्णय एप्रिल २०२३ चा, आणि संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून सुरू झाली. म्हणजे पालकच काय, आमच्यातले काही जणही अजून चाचपडतायत. मेजर म्हणजे त्याचा मुख्य विषय. ओई हा मुद्दाम दुसऱ्या शाखेतला विषय, विज्ञानाच्या पोराने वाणिज्यातला किंवा मानव्यविद्येतला काहीतरी घ्यायचा. व्हीएससी म्हणजे विषयाशी जोडलेलं व्यावसायिक कौशल्य, एसईसी कौशल्यवाढीचा, एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा, आयकेएस भारतीय ज्ञानप्रणाली. क्रेडिट म्हणजे त्या विषयाला दिलेलं वजन; एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२.

आता एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरच्या ग्रेडची सरासरी. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि एफ म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाच्या अंकाला त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. म्हणून कुठल्या विषयात सी आहे हे बघा, नुसता खालचा आकडा बघू नका. समजा चार क्रेडिटच्या मेजरमध्ये सी आहे आणि दोन क्रेडिटच्या आयकेएसमध्ये ओ. वरवर पाहता सरासरी साडेसात वाटते, प्रत्यक्षात येते ६.६७. मेजर खाली ओढतो. आणि टक्के काढायला सरसकट दहाने गुणू नका, प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र आपलं आपलं असतं, ते परीक्षा विभागाच्या नियमांत दिलेलं असतं. मुलगा "तसं नसतं" म्हणाला ते खरंच आहे, फक्त त्यालाही बहुधा पुढचं ठाऊक नसेल! माझ्या वर्गात हे सूत्र फळ्यावर मांडेपर्यंत निम्म्यांना माहीत नव्हतं.

उपस्थितीबद्दल. बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची अट असते. प्रॅक्टिकलची हजेरी मागाहून चढते हे शक्य आहे, पण एवढ्याने ५८ ची ७५ होईल का, हे तो स्वतःच मोजून सांगू शकतो. त्याला एवढंच विचारा, "कुठल्या विषयाची कमी आहे?" ज्या पोराची हजेरी खरंच रजिस्टरमध्ये अडकलेली असते, ते विषयाचं नाव पटकन सांगतं. बाकीचे "सगळ्यांचीच कमी दाखवतंय" म्हणतात.

बोलायचं कुणाशी, तर मेंटॉरशी. बहुतेक महाविद्यालयांत कागदावर तरी प्रत्येक मुलाला एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, नेमलेला असतो. नाव मुलाकडूनच घ्या. "तुझे मेंटॉर कोण?" याला उत्तर आलं नाही, तर तीही एक माहितीच. फोन करायच्या आधी मात्र मुलाला सांगा. न सांगता आलेल्या फोनवर मी फार काही बोलत नाही. समोरचा माणूस खरंच पालक आहे का, हे मला कसं कळणार? आणि पोरगा अठराचा आहे, त्याच्या पाठीमागे त्याची खबर पुरवली तर पुन्हा माझ्याकडे अडचण घेऊन तो येणार नाही.

आमच्या विभागाच्या पालक मेळाव्याला खुर्च्या रिकाम्या असतात, हे जाता जाता. बोलावणं मुलांच्या हाती दिलं की ते घरी पोचतच नाही.

---

दोन_मुलींचा_बाप

मॅडम, म्हणजे पासवर्ड घेऊ नये असं म्हणायचंय का तुम्हाला?

---

स्टाफरूम_नं_२

तुमच्या घरचं तुम्ही बघा. मी एवढंच सांगते की पोर्टलवर जे दिसतं ते झाल्यानंतरचं असतं. गुण कमी पडले हे कळेल, का पडले ते कळणार नाही. शिवाय त्याच लॉगिनमधून परीक्षा फॉर्म भरला जातो, विषय निवडले जातात. गेल्या वर्षी एका वडिलांनी मुलीचा ओई परस्पर बदलून टाकला, "हा स्कोअरिंग आहे" म्हणून. ती वर्गात येऊन बसली आणि हजेरीच्या यादीत तिचं नावच नाही. दुरुस्तीसाठी अर्ज, सह्या, परीक्षा विभागाच्या चकरा, सगळं तिच्याच नशिबी आलं.

---

गॅपवाला

मी दोन वर्षांपूर्वी पास आउट झालो, तेव्हा पोरांच्या बाजूने बोलतो.

"अभ्यास कसा चाललाय" याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं हो. सेमिस्टरच्या मधोमध काय सांगणार? माझ्या बाबांनी एक गोष्ट केली होती. सेमिस्टर सुरू झालं की टाइमटेबलचा फोटो मागून घ्यायचे. बस, एवढाच फोटो. मग त्यांचा फोन बरोब्बर मंगळवारी सव्वाबाराला यायचा, कारण त्या दिवशी केमिस्ट्रीचं लेक्चर आणि लॅब यांच्यामध्ये माझा गॅप असायचा. मी कॉरिडॉरच्या कठड्यावर बसलेलो असायचो, करायला काही नसायचं, त्यामुळे बोलायचो. रात्री हॉस्टेलवर तोच फोन आला असता तर रूममेटसमोर "हो, हं, ठीक" एवढंच.

आणि विचारायचे काय, तर "आज टायट्रेशन का? मागच्या वेळी एंड पॉइंट हुकला होता ना?" बाबा स्वतः वाणिज्यचे, टायट्रेशन कशाशी खातात हेही त्यांना माहीत नव्हतं. पण मी मागच्या आठवड्यात सांगितलेलं लक्षात ठेवायचे. मग जर्नलवर सही मिळाली नाही, पार्टनर दांड्या मारतो, एक सर अंतर्गत परीक्षेची तारीख सारखी पुढे ढकलतायत, हे सगळं आपोआप बाहेर यायचं.

उलट माझा रूममेट. त्याला एका विषयात एटीकेटी लागली तर त्याने घरी सांगितलंच नाही. वडील ओरडतील ही भीती नव्हतीच. वडील संध्याकाळपर्यंत दोन्ही काकांना, आत्याला आणि शेजारच्यांना सांगतील, ही होती. विषय त्याने पुढच्या खेपेला काढलाही. त्याच्या घरच्यांना अजून पत्ता नाही. तेव्हा ताई, मुलाने सांगितलेलं घरात कुठवर जातं, तेही एकदा तपासा.

---

सातासमुद्रापार

मुलगी अमेरिकेत शिकते, म्हणून तिकडचं थोडं. तिथे फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणाला गेली की शैक्षणिक नोंदींवरचे हक्क आईबापाकडून तिच्याकडे जातात, मग वय अठरा नसलं तरी. आम्ही सुरुवातीला गुणांबद्दल ईमेल केली, तर नम्र उत्तर आलं की तुमच्या मुलीलाच विचारा. फीचं बिल दिसावं म्हणून सुद्धा तिने स्वतः आम्हाला परवानगी दिली, तेव्हा ते दिसायला लागलं. आधी राग आला होता. पण एक फायदा झाला: काय बघायची मुभा द्यायची यावर आमच्यात एकदा रीतसर बोलणं झालं. बिल आम्ही बघतो, गुण ती सेमिस्टर संपल्यावर स्वतः सांगते. इथेही असा तोंडी करार करायला काय हरकत आहे?

---

कलम_आणि_पोटकलम

वर सगळं छान चाललंय, पण एक बाजू राहिली. काही बाबतीत पालकाने मुलाच्या परवानगीची वाट बघत बसू नये.

रॅगिंग. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याबरोबर पालकाचंही हमीपत्र घेतलं जातं, दर वर्षी. बहुतेक घरांत तो फॉर्म मुलगाच दोघांच्या वतीने भरून मोकळा होतो. तसं करू नका, सोबत बसून भरा, निदान त्या निमित्ताने विषय तरी निघतो. चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, तिथे पालकही तक्रार करू शकतात.

मुलगा अचानक फार गप्प झाला, झोप उडाली, घरी यायचं टाळायला लागला किंवा उठसूट घरी यायला लागला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तो फक्त रुग्णासाठी आहे असं समजू नका, काळजीत पडलेल्या आईनेही लावावा.

आणि निकाल, फी, कागदपत्रं अडवणं अशा तक्रारींसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिच्यावर लोकपाल. अर्ज मात्र मुलाच्या नावाने जाऊ द्या. मसुदा तुम्ही तपासा, शिक्षिका आहात, शुद्धलेखन तरी बरं होईल. 🙂

---

खडूफळा

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात थोडं काही झालंय, ते सांगते.

पासवर्ड मागितला नाही. रविवारी त्याला म्हटलं, तो कागद मला शिकव. आधी कुरकुरला. मग व्हिडिओ कॉलवर वहीच्या मागच्या पानावर क्रेडिट गुणिले ग्रेड असं मांडत बसला. २२ क्रेडिटला बेरीज दीडशे आली आणि ६.८२ चं कोडं सुटलं. सी कुठे आहे हे बघितलं, तर मेजरच्या थिअरीत. त्याने स्वतःच सांगितलं की शिकवणं इंग्रजीतून आहे आणि पहिला महिनाभर डोक्यावरून गेलं. सेमिस्टर उलटून गेलं आणि हे मला आज कळतंय. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, माझ्याच मुलाचं हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं की नव्हतं, यावर आमच्या घरी आता दोन मतं आहेत, ते सोडा.

व्हीएससीला त्याने माती परीक्षण घेतलंय, हेही नवीनच. मातीचा सामू (पीएच) कसा मोजतात यावर इतका वेळ बोलला की धाकटी कंटाळून उठून गेली. आमच्याच शेतातली माती सुट्टीत घेऊन जाणार आहे.

उपस्थितीचं म्हणाल तर विषयाचं नाव लगेच आलं नाही. 😐 "बघून सांगतो" म्हणालाय. मेंटॉर कोण ते मात्र माहीत होतं. त्याला सांगूनच येत्या आठवड्यात फोन करणार आहे.

दोन_मुलींचा_बाप, यांना तुमचा प्रतिसाद फार आवडला.

एक शेवटचं. स्टाफरूम मॅडम, परीक्षा फॉर्मची तारीख चुकू नये म्हणून मला स्वतःला कुठे बघता येईल? लॉगिनशिवाय.

---

स्टाफरूम_नं_२

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षा विभागाची परिपत्रकं असतात, ती सगळ्यांना उघडी असतात. त्यात विलंब शुल्काशिवायची आणि विलंब शुल्कासहची, अशा दोन तारखा असतात. त्याला पहिलीच सांगा. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदतही तिथेच येते आणि ती फार थोड्या दिवसांची असते. मेजरच्या त्या सी बद्दल अर्ज करायचा विचार असेल तर आजच बघा, मुदत बहुधा चालू असेल.