'सेव्ह' : बचाव की राखण?

प्रश्न : बेसबॉलवरील एका लेखाचे भाषांतर करताना पनामाच्या मारियानो रिव्हेराविषयीच्या एका वाक्यापाशी मी अडलो आहे. १९९५ ते २०१३ या काळात केवळ न्यूयॉर्क यांकीजकडूनच खेळलेल्या या 'रिलीफ पिचर'च्या नावावर ६५२ 'सेव्ह' आहेत आणि तो विक्रम आहे. पहिल्या खर्ड्यात मी 'मदतनीस गोलंदाजाने ६५२ बचाव केले' असे लिहिले. ते वाचून हा गृहस्थ वकील होता की गोलरक्षक, अशी शंका मलाच आली.

उत्तर : 'मदतनीस' काढूनच टाकावे. बदलीचा हुकूम निघाल्यावर कचेरीत 'मला अजून रिलीव्ह केलेले नाही' असे म्हणतात, त्यातलाच हा 'रिलीफ' आहे. आधीचा पिचर मैदानाबाहेर गेला की त्याला त्या सामन्यात परतता येत नाही, म्हणून त्याच्या जागी येणारा तो 'बदली पिचर'. 'गोलंदाज'ही मी टाळीन, कारण क्रिकेटमध्ये ज्या फेकीला नोबॉल देतात, तीच इथे पिचरची रीत आहे.

'बचाव' मात्र अर्थानेच चुकतो. बचाव संकटात सापडलेल्याचा होतो; 'सेव्ह' मिळण्यासाठी आपला संघ आधीपासून पुढे असावा लागतो. १९६९ पासून अधिकृत नोंदीत आलेल्या या आकड्याची नेहमीची अट अशी, की पिचर आला तेव्हा आघाडी तीन धावांपेक्षा मोठी नसावी आणि सामन्याच्या नऊ डावांपैकी किमान एक डाव टाकून त्यानेच विजयासह सामना संपवावा. म्हणजे पीक उभे आहे, फक्त ते घरी येईपर्यंत सांभाळायचे आहे. याला आपल्याकडे 'राखण' म्हणतात. उंचवट्यावर एकटा उभा राहून फेकणारा पिचर पाहिला की मला तर माळ्यावरचा गोफणवाला राखणदारच आठवतो.

दुसरे मत : 'राखण' पटले, पण प्रत्येक बदली पिचर राखणदार नसतो. १९९६ साली रिव्हेरा बहुधा सातवा-आठवा डाव टाकून चेंडू जॉन वेटलँडच्या हाती देई आणि 'सेव्ह' वेटलँडच्या खात्यावर जाई. १९९७ पासून शेवटचा डाव रिव्हेराकडे आला. 'राखणदार' हा शब्द 'क्लोजर'साठी, म्हणजे शेवटचा डाव टाकून सामना संपवणाऱ्या पिचरसाठीच ठेवावा. रिव्हेराच्या 'कटर' या खास चेंडूला मात्र भाषांतर नको. लेगकटर जाणणाऱ्या वाचकाला तो टप्पा न पडता हवेतच वळतो, एवढे सांगितले की पुरे. डावखुऱ्याच्या हातांकडे आत येणारा तो चेंडू बॅटच्या दांड्याजवळ लागे आणि बॅटच मोडे. २०१३ मध्ये मिनेसोटा ट्विन्सने त्याला निरोपादाखल मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची दिली होती.

प्रश्नकर्ता : मग २००१ च्या वर्ल्ड सिरीजमधील, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील, सातव्या सामन्याचे काय करू? नवव्या डावात २–१ अशी आघाडी हाती असताना ॲरिझोनाच्या संघाने रिव्हेराच्या फेकीवर दोन धावा काढल्या आणि यांकीज हरले. याला 'ब्लोन सेव्ह' म्हणतात.

उत्तर : 'राखण हुकली' म्हणावे. 'फसली' नको, त्यात डावपेचाचा वास येतो. आणि '६५२ राखणी' असे अनेकवचनही करू नये, ते कानाला खटकते. आपली क्रीडापाने 'आघाडी राखली' असे सर्रास लिहितात, तेव्हा वाक्य सरळ असे करावे : 'बदली पिचर म्हणून येऊन रिव्हेराने ६५२ वेळा संघाची आघाडी शेवटपर्यंत राखली.'