काकांसाठी बॅनर आणि टाळ्या, कसं जमवायचं? (बडोदा)

प्रश्न: आमच्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षक-स्टँडमधले सगळ्यांत जुने काका गेले. रविवारच्या सामन्याला पंधरा फुटी बॅनर आणि मिनिटभर मौन ठेवायचंय. फ्लेक्स चालेल का?

उत्तर १: फ्लेक्स नकोच. वाऱ्याने फुगतो, कड्या फाटतात, उन्हात चकाकला की अक्षरं दिसत नाहीत. मंगळ बाजारातून मांजरपाट आणा, दोन पट्टे आडवे जोडून शिवा. आधी धुवा, खळ राहिली तर रंग धरत नाही. अक्षरं दीड फुटी, खडूने आखून. अ‍ॅक्रिलिक रंगात पाणी जास्त झालं की कडा पसरतात. खाली प्लास्टिक अंथरा, वर्तमानपत्र चिकटतं. वरच्या-खालच्या दुमडीत बांबू.

उत्तर २: मौन किक-ऑफच्या आधी होतं, म्हणून आयोजक आणि रेफ्री दोघांना अगोदर सांगा. मला विचाराल तर टाळ्या बऱ्या. काकांच्या जर्सीवर ११ असेल तर अकराव्या मिनिटाला. खेळ थांबवावा लागत नाही. मैदानात घड्याळ नसेल तर स्टॉपवॉच एकाकडेच द्या आणि त्याच्याच खुणेवर सुरू करा, नाहीतर टाळ्या तुकड्यातुकड्याने पडतात.

प्रश्नकर्ता: खेळाडूंना काळ्या फिती द्यायच्यात.

उत्तर २: दोन इंची इलॅस्टिक शिवून घ्या. सेफ्टी पिन लावली तर रेफ्री उतरवायला लावेल.