मदत हवी आहे: जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिन ब्लॉकला तडा, शिवून घ्यावा की वेल्डिंग करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९६८ चा इंटरनॅशनल बी-२७५ आहे. चार सिलिंडर, ३५ एचपी, आजोबांनी नवा घेतलेला. त्याच्या ब्लॉकला बाहेरच्या अंगाने, वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवती पाणी फिरतं त्या पोकळीच्या) भिंतीला वीतभर तडा गेलाय. इंजिन गार असताना नुसता ओलावा दिसतो, तापलं की थेंब गळायला लागतात.

कारण कळलंय. नांगरताना रेडिएटर कोरडा पडला आणि ड्रायव्हरने फणफणलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतलं. बीड, म्हणजे ब्लॉकचं ओतीव लोखंड, असं एकदम आकसलं की तडकतंच. पोरगा नवीन होता, त्याला बोलून उपयोग नाही.

ऑइल गेज काढून पाहिला, ऑइल दुधाळ झालेलं नाही. रेडिएटरमध्ये ऑइलचा तवंग नाही, चालू इंजिनवर झाकण उघडलं तर बुडबुडेही येत नाहीत. म्हणजे आतल्या भिंती शाबूत असाव्यात असं धरून चाललोय.

गावातला मिस्त्री म्हणतो, घासून एम-सील भरा. वेल्डर म्हणतो, बिडाच्या रॉडने टाका मारून देतो. कोल्हापुरात उद्यमनगरला एकाने सांगितलं की ब्लॉक शिवून घ्या, आगीजवळ नेऊ नका. चौथा पर्याय भंगारातून दुसरा ब्लॉक आणायचा. या मॉडेलचे ब्लॉक अजून मिळतात, पण मला तो शेवटचा उपाय वाटतो. आरसीवरचा इंजिन नंबर याच ब्लॉकवर ठोकलेला आहे आणि मला हा ट्रॅक्टर जसा आला तसाच ठेवायचा आहे. उसाची ट्रॉली आता याच्यावर ओढत नाही. पेरणी, कुळवणी आणि बेंदराची मिरवणूक, एवढंच काम.

ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.

लेथवाला:
दादा, आधी तडा नेमका कुठवर गेलाय ते बघा. डोळ्याला दिसतो त्यापेक्षा तो नेहमी लांब असतो. रंग पूर्ण खरवडा, जागा घासलेटने भिजवा, थोडा वेळ थांबून कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि वरून खडू घासा. फटीत मुरलेलं घासलेट खडूवर काळी रेघ उमटवतं. रेघेची दोन्ही टोकं पंचने खूण करून ठेवा.

वेल्डिंगबद्दल स्पष्ट सांगतो. बिडात तीन-चार टक्के कार्बन असतो. साध्या रॉडने टाका मारला की टाक्याच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते आणि गार होताना तिथेच नवा तडा जातो. करायचंच असेल तर निकेलचा रॉड, एका वेळी इंचभरच टाका, लगेच हातोडीने हलके ठोके, हात लावता येईल इतकं गार झाल्यावर पुढचा टाका. एवढा धीर फार थोड्या वेल्डरांकडे असतो. ‘टाका मारून देतो’ असं जो पटकन म्हणतो त्याच्याकडे देऊ नका.

शिवणं म्हणजे तड्यावर ओळीने भोकं पाडून, आटे पाडून प्लग बसवायचे. प्रत्येक पुढचा प्लग आधीच्याला थोडा कापत जातो, त्यामुळे मध्ये फट उरत नाही. उष्णता नाही, म्हणून ब्लॉक वाकत नाही. मी हेच करीन.

काळी माती:
ब्लॉक बदलणार असाल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या नंबरची नोंद लागते. भंगारातला ब्लॉक घेताना मूळ गाडीचे कागद मागा, नाहीतर पुढे विकताना किंवा विम्याला अडचण येईल. एम-सीलला मी सरसकट नाही म्हणणार नाही. बाहेरच्या जॅकेटवर दाब कमी असतो, नीट घासून भरलं तर हंगाम निघतो. पण नंतर शिवायचं ठरवलंत तर ते सगळं उकरून काढावं लागेल. आणि रेडिएटरमध्ये टाकायची गळतीची पावडर तर नकोच, ती बारीक वाटा बुजवते आणि इंजिन पुन्हा तापतं.

धागाकर्ता:
लेथवाले दादा, खडूचा प्रयोग केला. तुमचं खरं निघालं. तडा वरच्या बाजूला आणखी दोन बोटं गेलाय, थेट हेडच्या (ब्लॉकवरच्या झाकणाच्या) एका स्टडच्या (ते आवळणाऱ्या बोल्टच्या) रोखाने. आता हेड उतरवायलाच हवं का?

लेथवाला:
उतरवाच. स्टड आवळला की त्याची ओढ तडा उघडायला बघते, त्यामुळे तिथे नुसते प्लग पुरणार नाहीत. तड्याला आडव्या पट्ट्या बसवून दोन्ही कडा बांधून घ्याव्या लागतील. शिवणाऱ्याला हे आधीच सांगा, म्हणजे तो त्या तयारीने बसेल. हेड निघालंच आहे तर ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून बघा, इंजिन एवढं तापलं होतं तर हेडही वाकलेलं असू शकतं. काम झालं की वॉटर जॅकेटची तोंडं बंद करून १५ ते २० पौंड हवा भरा आणि साबणाचं पाणी लावून बघा. ही चाचणी झाल्याशिवाय ब्लॉक घरी आणू नका.

धागाकर्ता:
ठरलं. ऊस तुटून गेला की इंजिन उतरवतो आणि उद्यमनगरला नेतो. हवेची चाचणी माझ्यासमोर घ्यायला सांगेन. मनापासून आभार.

काळी माती:
एक राहिलं. हेड बसवण्याआधी स्टडची भोकं हवेने फुंकून कोरडी करून घ्या. तळाशी पाणी किंवा ऑइल साचलेलं असेल तर स्टड आवळताना ते दाबलं जातं आणि भोकाच्या भिंतीलाच नवा तडा जातो.