'सस्पेन्स'ला मराठीत काय म्हणावं? रहस्य, उत्कंठा की टांगणी?

दिग्दर्शक हिचकॉकच्या 'नटोरियस' या सिनेमावर (१९४६) मराठीत टिपण लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. आपल्या बोलण्यात सस्पेन्स म्हणजे शेवटपर्यंत लपवलेली गोष्ट. 'सस्पेन्स फोडू नकोस रे' म्हणजे खुनी कोण ते सांगू नकोस. म्हणूनच 'रहस्यपट' हा शब्द रुळला. पण हिचकॉकचा सस्पेन्स नेमका उलटा आहे. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना त्याने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. गप्पा चालू असताना अचानक स्फोट झाला तर प्रेक्षक १५ सेकंद हादरतो. बॉम्ब ठेवताना त्याने पाहिलं असेल, तर त्याच रटाळ गप्पा १५ मिनिटं त्याचा जीव खातात.

इथे लपवलेलं काहीच नाही, उलट पात्रांपेक्षा आपल्यालाच जास्त माहीत आहे. त्याला 'रहस्य' कसं म्हणायचं?

प्रतिसाद :
'उत्कंठा' आहे की! 'उत्कंठावर्धक' तर जाहिरातींतही सर्रास असतो. आणि धक्क्यासाठी समीक्षक 'धक्कातंत्र' वापरतातच.

मूळ प्रश्नकर्ता :
'उत्कंठा' मीही आधी लिहिला आणि खोडला. निकालाची उत्कंठा असते, माहेरचं कुणी येणार असलं की असते. पुढचं लवकर घडावं, अशी ओढ तिच्यात आहे. इथे मात्र पुढचं घडू नये असं वाटत असतं.

'नटोरियस'मधली पार्टी आठवा. तळघराची किल्ली नायिका अ‍ॅलिशियाने नवऱ्याच्या जुडग्यातून काढून घेतली आहे. कॅमेरा उंचावरून, सगळ्या पाहुण्यांवरून खाली उतरत थेट तिच्या मुठीतल्या किल्लीपाशी येतो. नंतर मधूनमधून दिसतात बर्फातल्या शॅम्पेनच्या बाटल्या, दर खेपेला कमी होत गेलेल्या. त्या संपल्या की नवरा आणखी आणायला तळघराकडे निघणार आणि किल्ली नाही हे त्याच्या लक्षात येणार. बॉम्ब नाही, घड्याळ नाही, नुसत्या बाटल्या! पण जीव टांगणीला लागतो.

लिहिता लिहिता हाच शब्द हाताला लागला. 'सस्पेन्स'च्या मुळाशी जी लॅटिन क्रियापदाची कल्पना आहे, तीही टांगण्याचीच. (नोकरीतलं 'निलंबन'सुद्धा लंब म्हणजे लोंबण्यातूनच आलं.) आपल्या वाक्प्रचारात तर काय टांगलंय तेही सांगितलेलं आहे. म्हणून मला 'टांगणी' हवा.

प्रतिसाद :
पटलं. पण मग हिचकॉकच्याच 'सायको'तला (१९६०) न्हाणीघराचा प्रसंग? तिथे टांगणी नाही, सरळ काळजात धस्स होतं.

मूळ प्रश्नकर्ता :
तो निखळ धक्का. 'दचका' नव्हे बरं का. मांजराने उडी मारली की आपण दचकतो आणि क्षणात हसतो. धक्का बसतो, त्यातून सावरावं लागतं. सिनेमा अर्ध्यावरही आलेला नसताना नायिकेचाच खून होतो, त्यातून प्रेक्षक सावरत नाही. त्यानंतर गुप्तहेर त्या घराचा जिना चढायला लागतो तेव्हा मात्र आपला जीव टांगणीला असतो, कारण आता त्या घरात काय आहे याची आपल्याला कल्पना आहे. पहिला धक्का दुसऱ्या प्रसंगाला टांगणी पुरवतो. 'धक्कातंत्र' म्हटलं की ही सगळी जोडणी झाकली जाते, म्हणून तो शब्द मला अपुरा वाटतो.

शिवाय रहस्य एकदा कळलं की संपतं. टांगणीचं तसं नाही. 'नटोरियस' मी कितीही वेळा पाहिला तरी बाटल्या मोजतोच.

प्रतिसाद :
'टांगणीपट' मात्र म्हणू नका, कानाला बोचतो.

मूळ प्रश्नकर्ता :
नाही, नाम करायचंच नाही. क्रियापदासकट अख्खा वाक्प्रचार ठेवायचा, म्हणजे उतरवणंही सांगता येतं. 'सॅबोटाज'मध्ये (१९३६) लहान मुलगा नकळत बॉम्ब घेऊन बसमध्ये बसतो आणि तो खरंच फुटतो. ही आपली चूक झाली, असं हिचकॉकने पुढे कबूल केलं. टिपणात मी एवढंच लिहिलंय : प्रेक्षकाचा जीव टांगणीला लावला, पण खाली उतरवलाच नाही.