अंधाधुनमधला ससा पहिल्या सीनमध्ये नक्की काय करतोय?

रात्रपाळी
लोकहो, एक शंका. आमचा ग्रुप शॉर्टफिल्म करतोय, थ्रिलर आहे, आणि डायरेक्शन करणाऱ्या मित्राने टुमणं लावलंय की पहिल्या सीनमध्येच जॉनर (म्हणजे पिक्चर कुठल्या प्रकारचा ते) कळला पाहिजे, हिरो कळला पाहिजे, नाहीतर लोक पुढे स्क्रोल करतात. म्हणून काल परत अंधाधुन लावला. आता सुरुवात आठवा, कोबीचं शेत, एका डोळ्याने अधू ससा, मागे बंदूकवाला, गोळी सुटते, काळोख आणि गाडीचा आवाज. बस. आयुष्मान नाही, तब्बू नाही, पुणं पण नाही. मग यात कॅरेक्टर कुठे एस्टॅब्लिश झालं? की डायरेक्टर श्रीराम राघवनने नियम धाब्यावर बसवला आणि खपून गेलं? स्पॉयलर बिनधास्त टाका, २०१८ चा पिक्चर आहे, अजून बघितला नसेल तर तुमचं तुम्ही बघा.

खिडकीतला बोका
मित्राला रिअर विंडो दाखव. हिचकॉक, १९५४. पडदे वर जातात, कॅमेरा समोरच्या बिऱ्हाडांवरून फिरतो, मग थर्मामीटर, पारा नव्वदच्या वर (फॅरनहाइट हां), मग घामाने डबडबलेला जेम्स स्टुअर्ट झोपलाय, पाय प्लॅस्टरमध्ये, बाजूला फुटका कॅमेरा, भिंतीवर रेसमधल्या अपघाताचा फोटो आणि त्यात सुटलेलं चाक थेट आपल्या अंगावर येतंय. पाय कसा मोडला हे कोणी सांगायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं.
आता जॉनरचं म्हणशील तर त्या सीनमध्ये गुन्हा औषधालाही नाही. पण हिरो खिडकीकडे पाठ करून झोपलाय आणि तेवढ्यात आपण मात्र सगळ्यांच्या घरात मजेत डोकावून घेतलंय. नंतर तो दुर्बीण काढतो तेव्हा त्याला नावं ठेवायला आपल्याला तोंडच राहत नाही. तुमच्या पहिल्या सीनला प्रेक्षकाला असं काहीतरी करायला लावता येतंय का बघा, बंदूक दाखवली की थ्रिलर झाला असं नसतं.

टिकटिक
बोक्याशी सहमत पण बंदूक नको तर बॉम्ब ठेवा की राव. टच ऑफ ईव्हिल, ऑर्सन वेल्स, १९५८. कोणीतरी टायमर लावून बॉम्ब गाडीच्या डिकीत टाकतो आणि मग तीन मिनिटांहून मोठा एकच शॉट, गाडी मेक्सिकोतून अमेरिकेच्या बॉर्डरकडे चाललीये, बाजूने नवीन लग्न झालेलं जोडपं पायी, कधी गाडी पुढे कधी हे पुढे, आणि गाडीतली बाई म्हणते माझ्या डोक्यात टिकटिक होतेय, तर कोणी लक्षच देत नाही तिच्याकडे. मला जास्त आवडतो तो चेकपोस्ट. हिरो मेक्सिकन ऑफिसर, बायको अमेरिकन, हे सगळं तिथला माणूस विचारून घेतो, कारण त्याचं कामच ते आहे. नाहीतर आपल्याकडे हिरोचा मित्र येऊन सांगतो, "अरे तू एवढा मोठा इन्स्पेक्टर असून..."
बघायचा तर १९९८ वाला कट बघा, एडिटर वॉल्टर मर्चने नव्याने एडिट केलेला. स्टुडिओने या शॉटवर टायटल्स चिकटवली होती, त्याने ती काढली, त्यामुळे आता बारमधली आणि गाडीच्या रेडिओवरची गाणी ऐकू येतात.

रात्रपाळी
चेकपोस्टची आयडिया उचलतोय, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आणि त्याचं रजिस्टर, फुकटात होईल. पण सशाचं काय??

चाफेकळी
शेवट आठव ना. युरोपात बसून आकाश (आयुष्मान, आधी आंधळेपणाचं नाटक करणारा पियानोवाला) मैत्रीण सोफीला सगळी हकीकत सांगतो, त्यात सिमीची (तब्बूची) गाडी उलटते ती याच सशामुळे. आता तो खरंच आंधळा झाला असेल तर शेत, शिकारी आणि सशाचा अधू डोळा याला दिसला कसा? आणि हातातल्या काठीची मूठ पण सशाच्या तोंडाची! म्हणजे मला तरी वाटतं तो पहिला सीन आकाशने रचलेला आहे. हिरो पहिल्या फ्रेमपासून हजर आहे, फक्त थापा मारतोय आणि आपल्याला पत्ता नाही. शिवाय अपघात होतो तेव्हा पडदा काळा, नुसता आवाज. पहिल्या दोन मिनिटांत आंधळं कोणाला केलं, तर आपल्याला.

पेठेतला
चाफेकळी, थिअरी छान आहे पण राघवनने ते मुद्दाम मोकळं सोडलंय, तुम्ही निकाल लावून टाकलात.
आणि मूळ नियमच मला पटत नाही. हिचकॉकचाच सायको घ्या. फिनिक्स शहर, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २:४३, सगळं पडद्यावर लिहून येतं, कॅमेरा हॉटेलच्या खिडकीतून आत, प्रेमी जोडपं, लग्नाला पैसे नाहीत म्हणून कुरकुर. आपण पैशाची काळजी करत बसतो. खुनी नॉर्मनचा पत्ताच नाही, बराच वेळ. जॉनर आधी सांगून टाकला असता तर पुढे बाथरूममधल्या खुनाचा कोणाला धक्का बसला असता?
रात्रपाळी, एवढं बोलून झालं, आता तुमच्या स्क्रिप्टचं पहिलं पान टाका की इथे. आणि वॉचमनने नाव लिहून घेतलेला माणूस खोटं नाव सांगतोय हे प्रेक्षकाला आधी कळणार का नंतर, ते ठरवलंय का?